धनुष्याला आसारी

"बाटली, बटण की हात?" दुकानदाराने विचारलं.

सौ. शेजारीच उभी होती, म्हणून बाटलीची मी जास्त चौकशी केली नाही. बटण कशाचं ते कळेना. हात म्हणाला म्हणून मी आपला हात पुढे केला. त्याने तो जोरजोरात हलवला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

मी माशांना बाण मारायच्या धनुष्यासाठी रीळ घ्यायला गेलो होतो. हे वाक्य आत्ता जितक्या सहज लिहिलं तितक्या सहज ते आमच्या घरात बोललं गेलेलं नाही. वय चोपन्न, साखर काठावर, उजव्या खांद्याला फिजिओथेरपी चालू. अशा माणसाने संध्याकाळी चहाच्या वेळी "मी धनुष्य घ्यावं म्हणतो" असं म्हटलं की बायको आधी कपाळाला हात लावून ताप बघते. तिने तो बघितला. ताप नव्हता. मग ती म्हणाली, "दुकानात मी येते बरोबर." माझं आजवरचं कुठलंही मोठं संकट याच वाक्याने टळलेलं आहे.

आमचं गाव पिओरिया. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, इलिनॉय नदीच्या काठी. मी इथे बावीस वर्षं यंत्रांच्या तेलनळ्या कुठे गळतात ते शोधतो आहे. नदी खिडकीतून दिसते, पण तिच्याशी माझा संबंध दोन वर्षांपूर्वीपर्यंत गणपती विसर्जनाएवढाच होता, आणि तेही परवानगी मिळत नसल्याने बादलीत.

या नदीत चंदेरा आहे. इंग्रजीत त्याला सिल्व्हर कार्प म्हणतात, पण आपल्याकडे शेततळ्यात मत्स्यबीज सोडणारे लोक त्याला चंदेरा म्हणतात, गवत खाणाऱ्या ग्रास कार्पला गवत्या म्हणतात, आणि कॉमन कार्पला मात्र थेट त्याच्या लॅटिन नावाने हाक मारतात: सायप्रिनस. आठवडी बाजारात पाटी घेऊन बसलेल्या मावशींच्या तोंडून "घ्या सायप्रिनस, ताजा हाय" असं अस्सल लॅटिन ज्याने लहानपणी ऐकलं, तो पुढे अमेरिकेत कशाला दचकत नाही.

चंदेऱ्याला मात्र मी दचकलो. हा मूळचा चीनकडचा मासा. 1970 च्या दशकात आर्कान्सात तळ्यांतलं शेवाळ साफ करायला म्हणून आणला. पुढे तो तळ्यांतून निसटला, मिसिसिपीत शिरला, तिथून वर चढत आमच्या नदीत आला आणि कुटुंब वाढवून बसला. आता तो मिशिगन सरोवरात जाऊ नये म्हणून शिकागोच्या कालव्यात रोमिओव्हिल या ठिकाणी 2002 पासून पाण्यात वीज सोडलेली आहे. गावाचं नाव रोमिओव्हिल, आणि काम कुणालाही पलीकडे जाऊ न देण्याचं! सरकारी खात्यांना विनोद कळत नाही म्हणतात, ते खोटं आहे.

चंदेऱ्याला मोटारबोटीचा आवाज सहन होत नाही. इंजिन सुरू झालं की तो घाबरून पाण्याबाहेर उडी मारतो. सहा-आठ फूट, कधी त्याहून वर. एकटा नाही, सगळी भावकी. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मास्तरांच्या बोटीत बसून मी शेंगदाण्याची चिक्की खात होतो. मास्तर म्हणजे एका शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. दिवसाला चाळीस शब्द बोलतात, त्यातले वीस कुत्र्याशी. त्यांनी इंजिन चालू केलं आणि पुढच्या क्षणी पाचेक किलोचा एक चंदेरा माझ्या छातीवर येऊन आदळला. चिक्की नदीत, चष्मा बोटीत, आणि मी दोहोंच्या मधे आडवा. मास्तरांनी मासा उचलून खोक्यात टाकला आणि म्हणाले, "आता तुझी पाळी."

सूड म्हणून मी आधी गळ घेतला. गळाला चंदेरा लागत नाही. तो पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव कल्ल्यांनी गाळून खातो. त्याच्यासमोर गांडूळ लोंबकळवणं म्हणजे उपासाला फक्त ताक पिणाऱ्या माणसासमोर मटणाचं ताट धरणं. तो बघतसुद्धा नाही. म्हणून इथले लोक त्याला बाण मारतात. ही विद्या इथे रीतसर आहे. त्यासाठी मासेमारीचा परवाना लागतो आणि कोणत्या माशाला बाण चालतो, कोणत्याला नाही, याची सरकारी यादी आहे. बास, वॉलाय असे गळवाल्यांचे लाडके मासे वर्ज्य. बाण चालतो तो कार्प, गार, सकर, बफेलो अशा, इथल्या मानाने दुसऱ्या पंगतीतल्या माशांना. कारण उघड आहे. गळाचा मासा सोडून देता येतो, बाणाचा येत नाही. एकदा मारला की तो तुमचा. चुकून मारला, माफ करा, ही सोय नाही.

खरं तर कार्प एके काळी इथे पहिल्या पंगतीत होता. कॉमन कार्प, म्हणजे आपला सायप्रिनस, 1877 साली सरकारच्या मत्स्य आयोगाने मुद्दाम जर्मनीहून आणला, बाल्टिमोरच्या तळ्यात वाढवला आणि मग आगगाडीने देशभर वाटला. लोक खासदाराकडे वशिला लावून कार्प मागवत. पुढे त्याने सगळ्या नद्या गढूळ करून टाकल्यावर तेच लोक त्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करायला लागले. चंदेऱ्याच्या वेळी उलट झालं. तो आधीच बदनाम होता, म्हणून 2022 साली इलिनॉय सरकारने त्याचं आणि त्याच्या भाऊबंदांचं बारसं नव्याने केलं. लोकांनी तो खावा म्हणून नाव ठेवलं ‘कोपी’. आता आमच्याकडे कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांचं पाचटाचं खोपट. माझ्या डोळ्यांपुढे ताटात भाताशेजारी पाचट येतं, त्याला मी काय करू?

असो. धनुष्य घेणार ही बातमी मंडळाच्या कोजागिरीला फुटली. त्या रात्री अकरा जणांनी मला अर्जुन म्हटलं. मी मोजले. त्यांपैकी सात जणांनी "पण डोळाच दिसला पाहिजे हं" असं बजावलं. तो पोपट होता आणि प्रसंग वेगळा होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं. एका काकांनी द्रौपदीकडे, म्हणजे आमच्या हिच्याकडे बघून डोळे मिचकावले. ती मालवणची आहे. तिने दुधाचा ग्लास ज्या पद्धतीने खाली ठेवला, त्यानंतर काकांनी मसाला दूधही घेतलं नाही. अर्जुनाबद्दल मला एकच सांगायचं आहे. त्याने पाण्यात बघून वर बाण मारला. लागल्यावर तो परत आणायचा नव्हता. त्या माशाला कालवणाची चिंता नव्हती. आम्हाला बाणही परत हवा आणि मासाही, म्हणून बाणाला दोरा बांधावा लागतो. आणि दोरा आला की तो ठेवायला काहीतरी लागतं. ते काहीतरी म्हणजे रीळ. पुतण्याला फोनवर म्हणालो, "धनुष्याला रीळ घेतोय," तर तो म्हणाला, "काका, फॉलोअर्स किती आहेत?"

आता आसारीचं सांगतो, म्हणजे माझी पंचाईत कळेल.

मी येवल्याचा. बाहेरचे लोक येवला म्हटलं की पैठणी म्हणतात. आम्ही पतंग म्हणतो. संक्रांतीच्या आगेमागे तीन दिवस गावात जमिनीवर फक्त म्हातारी माणसं आणि गुरं असतात. बाकी सगळे गच्च्यांवर. मांजा गुंडाळायला तुम्ही पुण्या-मुंबईचे लोक चक्री किंवा फिरकी वापरता, आम्ही आसारी वापरतो. बांबूच्या पात्यांची, मधे दांडी असलेली. पतंग उडवणारा आकाशाकडे बघतो, आणि त्याच्या मागे एक पोरगं आसारी धरून त्याच्या पाठीकडे बघत उभं असतं. आमच्या घरात पतंग दादा उडवायचा. मागचं पोरगं मी. वयाच्या पाचव्या वर्षापासून अकरावीपर्यंत मी आकाशात काय चाललंय ते दादाच्या खांद्यांवरून ओळखत आलो. खांदे वर गेले की ढील. खांदे आवळले की गुंडाळ. "धर रे नीट!" हे मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य आहे. त्याखालोखाल "गुंता केलास ना?" पतंग कापला की कौतुक दादाचं, गुंता झाला की कान माझा. या अकरा-बारा वर्षांच्या नोकरीत मी स्वतः पतंग दोनदा उडवला. दोन्ही वेळा तो शेजारच्या वाड्याच्या कवेलूंवर बसला.

म्हणून दुकानात सगळे लोक धनुष्यं उचलून ताणून बघत होते तेव्हा मी रिळांच्या कपाटापुढे जाऊन उभा राहिलो. धनुष्याचं मला काही वाटलंच नाही. ते मास्तरांनी दिलं होतं, तीस पौंडांचं, नातीला शिकवायला ठेवलेलं. पण ती रिळं बघितली आणि आतून आवाज आला: हे आपलं खातं.

तर बाटली, बटण आणि हात.

हात म्हणजे सगळ्यात जुनी पद्धत. धनुष्याच्या पुढच्या अंगाला एक रुंद डबा पट्टीने किंवा स्क्रूने बसवलेला असतो. त्यावर दोरा हाताने गुंडाळायचा. बाण सुटला की वेटोळी आपोआप उलगडतात. मग मासा हाताने ओढायचा, दोरा पुन्हा हाताने गुंडाळायचा, आणि हे प्रत्येक बाणाला. लागला तरी आणि नाही लागला तरी. आमच्यासारख्यांच्या बाबतीत बहुतेक नाही लागला तरीच. यात बिघडण्यासारखं काही नाही, कारण यात काहीच नाही. किंमतही सगळ्यात कमी. मला तो डबा बघताक्षणी आवडला. आसारीच्या तो सगळ्यात जवळचा. पण दोन बाणांच्या मधे एवढा वेळ जातो की नदीतले मासे तेवढ्यात अंडी घालून पिलांची शाळा बघून येतील.

बटण म्हणजे टोपी घातलेली रीळ. टोपीच्या नाकातून दोरा बाहेर येतो, बाजूला मूठ, मागे बटण किंवा खटका. इथल्या लहान पोरांच्या गळाच्या काठीला असते तिचाच तालमीत गेलेला थोरला भाऊ. बटण दाबलं की दोरा मोकळा. मूठ फिरवली की दोरा अडकला आणि भराभर आत यायला लागला. वेग उत्तम. मोठा मासा पळाला तर आतला ब्रेक दोरा थोडा थोडा सोडतो, म्हणजे त्याच्याशी झुंजता येतं. दोष एकच. बाण सोडण्याआधी बटण दाबायला विसरायचं नाही.

माझ्यासारख्या माणसाला "विसरायचं नाही" असं सांगणं म्हणजे विसरण्याची आठवण करून देणं. मी हे प्रत्यक्ष केलेलं आहे. ओळखीच्या एकाने बटणाची रीळ चार दिवस वापरायला दिली. मे महिना, कार्प अंडी घालायला उथळ पाण्यात आलेले, पाठी पाण्याबाहेर, असा मोका. मी घोकत होतो: बटण, ओढ, सोड. बटण, ओढ, सोड. एक सायप्रिनस समोर आला, चांगला पाटाएवढा. मी ओढलं आणि सोडलं. दोरा कडाडला, तुटला, आणि बाण एकटाच पाण्यात गेला. हे बाण पतंगाच्या कामट्यांसारखे हलके नसतात. भरीव काचतंतूचे, पिसं नसलेले, पाण्यात भोक पाडून जायचे म्हणून मुद्दाम जड. तो सरळ तळाला गेला. त्यानंतर मी बटण दाबलं. बैल गेला नि झोपा केला, हे शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिलं होतं. हा त्याचा प्रात्यक्षिक भाग.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी त्या दिवसाचे चाळीसच्या चाळीस शब्द एकदम खर्च केले. दोरा तुटला हे माझं नशीब, म्हणाले. नाही तुटला आणि बाण मधेच अडकला, तर तो उलटा फिरून मारणाऱ्याकडे येऊ शकतो. पूर्वी दोरा बाणाच्या मागच्या टोकाला बांधायचे. तो मागे, प्रत्यंचेजवळ लोंबायचा, तिथे अडकायचा, आणि बाण परत यायचा. माणसं जखमी व्हायची. आता बाणावर एक छोटी सरकती कडी असते, दोरा तिला बांधतात. धनुष्य ओढलेलं असताना कडी पुढे, प्रत्यंचेपासून लांब राहते. बाण सुटला की ती घसरत त्याच्या मागच्या टोकाला जाते. कडीशिवाय मारायचं नाही. मी मान हलवली. येवल्यात गळ्याला मांजा लागून काय होतं ते बघितलेल्या माणसाला दोऱ्याचा धाक शिकवावा लागत नाही. तिकडे नायलॉन मांजावर बंदी येऊन काही वर्षं झाली, तरी दरवर्षी बातमी असतेच.

उरली बाटली. ही बघून मी दुकानातच हसलो. धनुष्याच्या कडेला खरोखर एक पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली लावलेली असते. तिच्या तोंडाशी मूठ आणि खटका. दोरा गुंडाळला वगैरे जातच नाही. तो बाटलीत नुसता पडतो, वेटोळ्यावर वेटोळं, ताटात शेवया पडाव्यात तसा. बाण सुटला की शेवया सरसर बाहेर. काही दाबायचं नाही, काही आठवायचं नाही. परत आणताना खटका दाबून मूठ फिरवायची. आतली चाकं दोरा चिमटीत धरतात आणि बाटलीत ढकलतात. आसारीवर बारा वर्षं घालवलेल्या माणसाला हे पटेना. दोरा नुसता टाकायचा? ओळीने नाही, ताणून नाही? आणि गुंता? दुकानदार म्हणाला, होत नाही. मी म्हणालो, होणारच. तो म्हणाला, जसा पडला त्याच्या उलट क्रमाने निघतो, गुंता होईल कसा? मला एकदम सगळे ओढलेले कान आठवले. म्हणजे इतकी वर्षं दादाचा मांजा बादलीत टाकला असता तरी चाललं असतं?

बाटलीचाही दोष आहेच. तिची पकड बेताची. मोठा मासा ओढायला तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही, दोरा हाताने ओढायचा आणि मासा आत आल्यावर सैल दोरा बाटलीत भरायचा. पण दोरा भक्कम, दोनशे पौंडांचा, म्हणजे नव्वद किलो पेलणारा. माझं वजन एक्याऐंशी. मास्तरांनी मनात आणलं तर मला बोटीमागे बांधून गावभर फिरवू शकतील.

त्या दिवशी आम्ही काही न घेता परतलो. मी घरी येऊन संगणकावर तक्ता मांडला. चौदा रकाने: किंमत, वजन, वेग, पकड, अंधारात वापर, ओल्या हाताने वापर, विसरभोळेपणा (याला गुण उलटे) वगैरे. प्रत्येकाला भारांक दिले, बेरीज केली. हात पहिला आला, कारण किमतीचा भारांक मी कोकणस्थी ठेवला होता. भारांक बदलले, बटण पहिलं आलं. रात्री साडेबाराला मला समजलं की मी तक्त्याला उत्तर विचारत नसून त्याच्याकडून कबुली काढून घेतो आहे.

मग येवल्याला दादाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. सगळं सविस्तर सांगितलं: नदी, चंदेरा, बाण, बाणाला दोरा. दादा शांतपणे ऐकत होता. मग त्याने विचारलं, "आसारी कोण धरतं?"

"कुणी नाही. धनुष्यालाच लावलेली असते."

"म्हणजे मागे पोरगं लागत नाही?"

"नाही."

दादा थोडा वेळ गप्प बसला. "अरेरे," तो म्हणाला. "मग तू काय करतोस?"

दुसऱ्या शनिवारी पुन्हा दुकान. दुकानदाराने पुन्हा तेच विचारलं. मी घडी घातलेला तक्ता खिशातून काढायला लागलो, तेवढ्यात सौ. त्याला म्हणाली, "यातलं कोणतं रात्रीच्या अंधारात, घाबरलेल्या, विसराळू माणसाला चालतं?"

"बाटली," दुकानदार म्हणाला.

तिने पैसे दिले. चौदा रकाने तसेच खिशात राहिले.

जूनमधल्या एका रात्री निघालो. मास्तरांची बोट सपाट तळाची, पुढे उंच फळी, फळीच्या कडेने खाली पाण्यावर झोत टाकणारे एलईडी दिवे. नदीच्या फाट्यात शिरलो आणि दिवे लावले तसं पाणी हिरवं उजळलं, पावसाळ्यातल्या खिडकीसारखं. तळाचं गवत, बुडालेले ओंडके, बिअरचे डबे, सगळं लख्ख. आणि किडे. जगातले सगळे किडे त्या दिव्यांना दर्शनाला आले होते आणि त्यांतले निम्मे माझ्या नाकातून जवळचा रस्ता शोधत होते. सौ.ही आली होती. तिने स्वतःचा परवाना काढला होता, "कुणी विचारलंच तर" म्हणून. गोड्या पाण्यातल्या माशाला ती मासा मानत नाही, पण रात्री पाण्यावर जायचं म्हटल्यावर तिचं मालवण जागं होतं. तिचे आजोबा खाडीत पागायला जात.

पहिली संधी मला. एक लांबोडका, सुईच्या तोंडाचा गार समोरून गेला. पाण्यातला मासा दिसतो तिथे नसतो, तो त्याच्याही खाली असतो, कारण प्रकाश पाण्याबाहेर येताना वाकतो. इथे त्याचं पाठांतर आहे: दहा फुटांवर, फूटभर खोल, तर चार इंच खाली नेम. अंतर दुप्पट, तर इंच दुप्पट. खोली दुप्पट, तरी दुप्पट. मी अभियंता. मी मनात म्हटलं, अंतर चौदा, खोली दीड, म्हणजे एक पूर्णांक चार दशांश गुणिले दीड गुणिले चार... आठ पूर्णांक चार दशांश इंच आले तेव्हा गार पुढच्या तालुक्यात पोचला होता. तरी मी बाण मारला, उत्तर वाया जाऊ नये म्हणून. बाण चिखलात रुतला. दोरा बाटलीतून असा बिनबोभाट गेला की मी नेमापेक्षा तेच बघत राहिलो. खटका दाबून मूठ फिरवली. दोरा आत येऊन मुकाट्याने पडला. गुंता नाही. मी आणखी सहा बाण मारले. मासे दोन वेळाच दिसले होते. बाकीचे चार बाण मी दोऱ्यासाठी मारले.

मग मास्तर हळूच म्हणाले, "बफेलो."

मी दचकून काठाकडे बघितलं. तिथे म्हैस नव्हती. पाण्यात मात्र एक होती: जाड, काळसर, रुंद खांद्यांचा मासा, घाई नसलेला. बफेलो मासा. हा परका नाही, इथलाच, मूळचा. कायद्याने याला बाण चालतो. पण 2019 साली काही अभ्यासकांनी मिनेसोटातल्या मोठ्या तोंडाच्या बफेलोचं वय त्याच्या कानातल्या खड्यावरून मोजलं आणि एक मासा 112 वर्षांचा निघाला. मी हे वाचलं होतं. समोरचा कोणत्या जातीचा, किती वर्षांचा, मला कळत नव्हतं. पण ज्या बेताने तो वळला, ते वळणं आमच्या आजोबांचं होतं, ओट्यावरून उठून आत जाताना. मी धनुष्य खाली केलं. मास्तरांनीही काही म्हटलं नाही. मासा दिव्याच्या कडेपर्यंत गेला आणि विझला.

"मला द्या बघू," सौ. म्हणाली.

"अगं, त्याला गणित..."

"तुम्ही करा गणित. मी मारते."

तिने धनुष्य घेतलं. एका ओंडक्यामागून एक गवत्या निघाला, हाताएवढा लांब, सोनेरी खवल्यांचा. तिने काही मोजलं नाही. जिथे तो होता त्याच्या बऱ्याच खाली बघितलं, जसं भांड्यातल्या रश्शात बुडालेला तुकडा आपण पळीने खालून घेतो, आणि सोडलं. पाणी फुटलं. गवत्या बाण घेऊन निघाला, बाटलीतून दोरा सुसाट सुटला, आणि तिने मागे न बघता धनुष्य माझ्या हातात कोंबलं.

"धरा हो नीट!"

मी धरलं. हातमोजा होता. दोरा हातात घेतला आणि लगेच कळलं, आता ओढायचं नाही. "अहो, ओढा ना!" ती ओरडत होती. "थांब," मी म्हणालो, "ढील द्यावी लागते." तो पळाला तेवढा जाऊ दिला, बोटांमधून, घासत. थबकला तशी दोन हात जागा घेतली. पुन्हा पळाला, पुन्हा दिला. मी पाण्याकडे बघतच नव्हतो. मी तिच्या खांद्यांकडे बघत होतो. ते वर गेले की सोडायचं, आवळले की घ्यायचं. मास्तरांचा कुत्रा भुंकत होता, ती मालवणीत माशाला काहीबाही सांगत होती, आणि मास्तरांनी, तीन वर्षांत पहिल्यांदा, मला एक प्रश्न विचारला. "हे तू आधी कुठे केलंयस?"

गवत्या फळीवर आला. मास्तरांनी बाणाचं टोक दोन आटे सैल केलं, आकडे उलटे वळवले, बाण काढला. बारा किलो भरला. सौ. त्याच्याभोवती फिरून काटे किती असतील, तुकडे कुठे पाडायचे, सोलं घरात आहेत का, याचा हिशेब करत होती. फळीवर माझ्या पायांभोवती साठेक फूट ओला दोरा पसरला होता.

"आता पुढचा मी मारू?" मी विचारलं.

"आधी तो दोरा भरा," ती म्हणाली. "गुंता करू नका."

मी खाली बसलो, खटका दाबला आणि मूठ फिरवायला लागलो.